सुगम्य संशोधनपर व तांत्रिक दस्तऐवजांसाठी मार्कअप भाषा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोधनिबंध, प्रबंध, पाठ्यपुस्तके, तांत्रिक अहवाल आणि वापरपुस्तिका लिहिणाऱ्या, संपादित करणाऱ्या व प्रकाशित करणाऱ्यांना पडणारे प्रश्न येथे घेतले आहेत. सुगम्य म्हणजे दृष्टिहीन व अल्पदृष्टीच्या वाचकांनाही विनाअडथळा वाचता येणारा दस्तऐवज. उत्तरांमध्ये गणिताला आणि पीडीएफला जास्त जागा दिली आहे, कारण दृष्टिहीन वाचकांची सर्वाधिक अडवणूक या दोन ठिकाणीच होते.

मार्कअप भाषा म्हणजे काय आणि तिचा सुगम्यतेशी संबंध काय?

मजकुराचा कोणता भाग कोणते काम करतो, हे खुणांनी नोंदवून ठेवण्याची पद्धत म्हणजे मार्कअप भाषा. ‘हे प्रकरणाचे शीर्षक आहे’, ‘ही तळटीप आहे’, ‘हा तक्त्याचा शीर्षस्तंभ आहे’ अशी माहिती त्या खुणांमध्ये साठवलेली असते. एसजीएमएल या भाषेचे आंतरराष्ट्रीय मानक १९८६ साली प्रसिद्ध झाले. एचटीएमएल, एक्सएमएल आणि डॉकबुक ही त्याच परंपरेतील अपत्ये आहेत. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ पासून घडवलेले टेक (छपाईसाठी मजकूर व गणित जुळवणारी प्रणाली) आणि त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात उभारलेले लाटेक यांचा वंश वेगळा असला, तरी लाटेकमागील कल्पना तीच आहे : लेखकाने रचना सांगावी आणि मांडणी यंत्रणेवर सोपवावी.

डोळस वाचक पान पाहताक्षणी अक्षरांच्या आकारावरून, मोकळ्या जागेवरून आणि रेषांवरून रचना ओळखतो. स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या वाचकाला हे संकेत मिळत नाहीत. त्याच्यापर्यंत फाईलमध्ये नोंदलेली रचनाच पोहोचते. जे नोंदलेले नाही, ते त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. म्हणूनच लिहिताना केलेल्या खुणा आणि दस्तऐवजाची सुगम्यता या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

शीर्षक ठळक आणि मोठ्या अक्षरांत दिले तर पुरेसे नाही का?

पुरेसे नाही. ठळक केलेली ओळ स्क्रीन रीडरला साध्या परिच्छेदासारखीच दिसते. नोंदलेल्या शीर्षकांवरून वाचक एका कळीने पुढच्या विभागावर उडी मारतो, सगळ्या शीर्षकांची यादी उघडतो आणि चाळीस पानांच्या निबंधातील ‘पद्धती’ हा भाग काही क्षणांत गाठतो. ही नोंद नसेल, तर तोच निबंध त्याला पहिल्या ओळीपासून सलग ऐकत बसावा लागतो. शीर्षकांच्या पातळ्याही क्रमाने असाव्यात. केवळ अक्षरे लहान दिसावीत म्हणून दुसऱ्या पातळीवरून थेट चौथ्या पातळीवर जाऊ नये, कारण मधली पातळी कुठे हरवली हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

पीडीएफ वाचण्यात एवढी अडचण का येते?

पीडीएफची मूळ रचना छपाईसाठी झाली. कोणते अक्षरचिन्ह पानावर नेमके कोणत्या जागी उमटवायचे, याच्या सूचना म्हणजे पीडीएफचे पान. शब्दांमधील रिकामी जागाही पुष्कळदा अक्षर म्हणून साठवलेली नसते. पुढचे चिन्ह थोडे सरकवून काढलेले असते एवढेच. त्यामुळे दोन स्तंभांत छापलेला निबंध ऐकताना डाव्या स्तंभातील ओळीला उजव्या स्तंभातील ओळ जोडली जाऊ शकते, प्रत्येक पानावरचे धावते शीर्षक वाक्याच्या मध्येच ऐकू येते, तळटीप परिच्छेदात घुसते आणि ओळीच्या शेवटी तोडलेला शब्द तुकड्यांतच वाचला जातो.

यावर उपाय म्हणून २००१ साली आलेल्या पीडीएफ १.४ मध्ये टॅगची, म्हणजे रचना सांगणाऱ्या खुणांची, सोय झाली. टॅग केलेल्या पीडीएफमध्ये पानावरील चित्ररूपाबरोबरच शीर्षके, परिच्छेद, याद्या, तक्ते आणि आकृत्या यांचा एक वृक्ष साठवलेला असतो, आणि स्क्रीन रीडर त्या वृक्षाच्या क्रमाने वाचतो. अशा पीडीएफसाठीचे पीडीएफ/यूए हे मानक २०१२ साली प्रसिद्ध झाले, आणि पीडीएफ २.० वर आधारित त्याचा दुसरा भाग २०२४ साली आला. या दुसऱ्या भागाचे महत्त्व गणित लिहिणाऱ्यांना विशेष आहे, कारण त्यात समीकरणाची रचना मॅथएमएल या गणिताच्या मार्कअप भाषेच्या रूपाने पीडीएफमध्येच ठेवण्याची व्यवस्था आहे.

टॅग असणे आणि योग्य टॅग असणे यांत मात्र मोठे अंतर आहे. आपोआप टॅग लावणारी साधने पानाच्या दिसण्यावरून अंदाज बांधतात, आणि गुंतागुंतीच्या शोधनिबंधात तो अंदाज वारंवार चुकतो. मूळ स्रोतातूनच टॅग उतरावेत, हा आमचा ठाम आग्रह आहे. तयार पीडीएफमध्ये हाताने टॅग बसवण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना या आग्रहाचे कारण सांगावे लागणार नाही : लेखकाने एक ओळ बदलून पीडीएफ पुन्हा तयार केली, की ते सगळे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

मी लाटेकमध्ये लिहितो. मला नेमके काय बदलावे लागेल?

प्रथम एक गैरसमज दूर करू. हायपररेफ हे पॅकेज (लाटेकला जोडायचा तयार आज्ञांचा संच) जोडले की दुवे आणि बाजूची अनुक्रमणिका मिळते, टॅग मिळत नाहीत. अनेक वर्षे लाटेकमधून निघणारी जवळपास प्रत्येक पीडीएफ टॅगविरहितच असे. लाटेक प्रकल्पाने गेल्या काही वर्षांत टॅगिंगची यंत्रणा थेट लाटेकच्या गाभ्यात आणण्याचे काम हाती घेतले असून त्याचा लाभ आज प्रत्यक्ष घेता येतो. त्यासाठी दस्तऐवजाचा वर्ग ठरवणाऱ्या ओळीच्याही आधी ‘डॉक्युमेंटमेटाडेटा’ ही आज्ञा लिहावी लागते, आणि तिच्यात भाषा, पीडीएफचे मानक व टॅगिंग सुरू असल्याचे नमूद करावे लागते. दस्तऐवज लुआलाटेकने (लाटेकच्या फाईलमधून पीडीएफ बनवणाऱ्या एका प्रोग्रामने) तयार करावा, कारण समीकरणांचे मॅथएमएल आपोआप तयार करून पीडीएफमध्ये ठेवण्याची सोय तेथे सर्वांत चांगली आहे. झीलाटेक या तशाच दुसऱ्या प्रोग्रामला शब्दांमधील खऱ्या रिकाम्या जागा पीडीएफमध्ये नोंदवता येत नाहीत, म्हणून या कामासाठी ते टाळलेलेच बरे. टेकचे वितरणही (संगणकावर बसवलेला टेकचा संच) अद्ययावत असावे, कारण जुन्या वितरणात यांतील पुष्कळ सोयी नाहीत.

चित्र घेण्याच्या आज्ञेत ‘ऑल्ट’ या नावाने पर्यायी मजकूर (चित्राऐवजी ऐकवले जाणारे वर्णन) देता येतो, आणि केवळ शोभेचे चित्र असेल तर ते वाचनातून वगळण्याची खूणही करता येते. तक्त्याच्या कोणत्या ओळी शीर्षओळी आहेत, हेही सांगता येते. सर्व पॅकेजे या यंत्रणेशी जुळत नाहीत. कोणती जुळतात याची यादी प्रकल्पाने प्रसिद्ध केली आहे आणि ती वाढत आहे. नव्या प्रबंधाला सुरुवात करतानाच ती यादी पाहावी. शेवटच्या आठवड्यात एखादे पॅकेज बदलणे फार त्रासाचे ठरते.

याहून मोठा बदल सवयीचा आहे. विभागासाठी विभागाची आज्ञा वापरावी, हाताने अक्षरे मोठी करू नयेत. जोर देण्यासाठी जोराची आज्ञा वापरावी. यादीसाठी लाटेकमधील यादीची रचना (एन्व्हायर्न्मेंट) वापरावी, परिच्छेदाच्या सुरुवातीला ठिपके टाइप करू नयेत. ज्यांचे लाटेक असे स्वच्छ आहे, त्यांना टॅगिंगसाठी वरच्या दोन-तीन ओळींपलीकडे फारसे काही करावे लागत नाही.

समीकरणाचे चित्र देऊन त्याला पर्यायी मजकूर जोडला तर चालत नाही का?

‘ई बरोबर एम सी वर्ग’ एवढ्या लहान सूत्राला वेळ निभावून नेता येते. त्यापलीकडे हा मार्ग टिकत नाही. पर्यायी मजकूर हे एक सलग वाक्य असते. वाचकाला त्यात थांबता येत नाही, मागे जाता येत नाही, केवळ छेद पुन्हा ऐकता येत नाही आणि त्यातून गणिती ब्रेल तयार होत नाही. अल्पदृष्टीच्या वाचकाने चित्र मोठे केले की ते फुटते किंवा पानाबाहेर जाते.

मग गणित सुगम्य कसे करायचे?

गणिताची अडचण समजून घेण्यासाठी वर्गसमीकरणाच्या उकलीचे परिचित सूत्र घ्यावे. टॅग नसलेल्या पीडीएफमधून ते साधारण असे ऐकू येते : ‘एक्स बरोबर वजा बी अधिक-वजा बी दोन वजा चार ए सी दोन ए’. घातांक खाली उतरला, वर्गमूळ नाहीसे झाले आणि अपूर्णांकाची रेघ पुसली गेली. सगळी अक्षरे जागेवर आहेत, पण सूत्र उरले नाही. हेच सूत्र रचनेसह साठवलेले असेल तर ते असे वाचता येते : ‘एक्स बरोबर, अपूर्णांक सुरू, वजा बी अधिक किंवा वजा, वर्गमूळ सुरू, बी वर्ग वजा चार ए सी, वर्गमूळ समाप्त, छेद दोन ए, अपूर्णांक समाप्त’. सुरुवात आणि शेवट सांगणारे हे शब्द जड वाटतात, परंतु ते गाळले तर ‘एक छेद एक्स अधिक एक’ या शब्दांतून छेदात केवळ एक्स आहे की एक्स अधिक एक, हे ठरवण्याचा कोणताही मार्ग ऐकणाऱ्याकडे राहत नाही.

ही रचना साठवणारी भाषा म्हणजे मॅथएमएल. तिची पहिली आवृत्ती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९८ साली शिफारस म्हणून स्वीकारली आणि तिसरी आवृत्ती २०१५ साली आयएसओचे मानकही झाली. ब्राउझरांचा पाठिंबा मात्र दीर्घकाळ अपुरा होता. फायरफॉक्स आणि सफारी मॅथएमएल दाखवत असत. क्रोममध्ये ते जानेवारी २०२३ मधील १०९ व्या आवृत्तीपासून पुन्हा दिसू लागले. मधल्या काळाची उणीव २०१० मध्ये आलेल्या मॅथजॅक्सने भरून काढली. पानात लाटेकच्या पद्धतीने लिहिलेले सूत्र मॅथजॅक्स वाचते, पडद्यावर सुबक दाखवते आणि स्पीच रूल एंजिन या साधनाच्या साहाय्याने त्याचे उच्चारही तयार करते.

वाचकाच्या बाजूला हे मॅथएमएल हाताळणारी साधने आहेत. एनव्हीडीए या मुक्त स्क्रीन रीडरला मॅथकॅटची जोड दिली, की सूत्र ऐकता येते, बाणाच्या कळींनी त्याच्या आत शिरता येते, प्रथम पूर्ण अपूर्णांक, मग अंश, मग अंशातील वर्गमूळ असे एकेक पायरी उतरता येते, आणि ब्रेल पटावर (उठणाऱ्या ठिपक्यांनी ब्रेल दाखवणाऱ्या उपकरणावर) ते नेमेथ संकेतलिपीत वाचता येते. अब्राहम नेमेथ हे स्वतः दृष्टिहीन गणितज्ञ होते, आणि त्यांची ही गणिती ब्रेल लिपी १९५० च्या दशकापासून वापरात आहे. लाटेकच्या स्रोतावरून गणित बोलून दाखवणारी प्रणाली टी. व्ही. रामन यांनी १९९४ साली कॉर्नेल विद्यापीठातील आपल्या पीएच.डी. प्रबंधात सिद्ध करून दाखवली होती. ते स्वतःही दृष्टिहीन आहेत. मार्ग तीस वर्षांपूर्वीच दिसला असूनही आजही समीकरणांची चित्रे छापली जातात, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

एक प्रश्न मॅथएमएलनेही पूर्ण सुटत नाही. दोन उभ्या रेघांमधील चिन्ह निरपेक्ष मूल्य असू शकते, सारणीचा (मॅट्रिक्सचा) निश्चयक असू शकतो किंवा संचातील घटकांची संख्या असू शकते. उजवीकडे वर लिहिलेले ‘टी’ हे अक्षर घातांक असेल किंवा सारणीच्या पक्षांतराची (ट्रान्सपोजची) खूण असेल. डोळस वाचक संदर्भाने ओळखतो, यंत्र अंदाज करते. यासाठी मॅथएमएलच्या चौथ्या आवृत्तीच्या मसुद्यात ‘इंटेंट’ नावाचा गुणधर्म आणला आहे. त्याच्या साहाय्याने लेखकाला आपला अभिप्रेत अर्थ नोंदवता येतो. तो सर्वत्र रूढ होईपर्यंत लाटेकमध्ये लिहिणाऱ्याने निश्चयकासाठी, निरपेक्ष मूल्यासाठी आणि पक्षांतरासाठी आपल्या स्वतंत्र, अर्थ सांगणाऱ्या आज्ञा करून ठेवाव्यात. पुढे अर्थ नोंदवायची वेळ आली की बदल एकाच ठिकाणी करावा लागेल.

आकृत्या आणि आलेखांचे वर्णन किती लांब असावे?

आकृती निबंधात कोणते काम करते, यावर ते अवलंबून आहे. ‘रेषालेख’ एवढाच पर्यायी मजकूर निरुपयोगी असतो, आणि प्रत्येक बिंदूचे वर्णन असह्य होते. आलेखाचा प्रकार, दोन्ही अक्षांवर काय आहे आणि वाचकाने त्यातून काय टिपावे अशी लेखकाची अपेक्षा आहे, एवढे एक-दोन वाक्यांत सांगावे, आणि ज्या आकड्यांवरून आलेख काढला ते तक्त्याच्या रूपात द्यावेत. हे वर्णन लेखकानेच लिहावे. आकृतीत महत्त्वाचे काय, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. शक्य तेथे आकृती एसव्हीजी या मार्कअप भाषेत ठेवावी. ती कितीही मोठी केली तरी फुटत नाही, आणि तिच्या आत शीर्षक व वर्णनासाठी स्वतंत्र जागा असते. दोन रेषांमधील भेद केवळ रंगाने दाखवू नये; तुटक रेषा, वेगळी चिन्हे किंवा रेषेलगतची नावे वापरावीत.

तक्त्यांबाबत काय काळजी घ्यावी?

तक्ता ऐकणारा वाचक एका वेळी एकाच चौकटीत असतो. त्या चौकटीवर येताच तिच्या स्तंभाचे व ओळीचे शीर्षक ऐकू यावे, यासाठी एचटीएमएलमध्ये शीर्षचौकटींना वेगळा टॅग आहे आणि ते शीर्षक स्तंभाचे की ओळीचे हे सांगणारा ‘स्कोप’ हा गुणधर्म आहे. एकत्र केलेल्या चौकटी आणि दोन-तीन मजली शीर्षओळी शक्यतो टाळाव्यात. असा एक तक्ता फोडून दोन साधे तक्ते केले, तर डोळस वाचकालाही ते सोपे जातात. मजकूर शेजारी-शेजारी मांडण्यासाठी तक्ता मुळीच वापरू नये.

देवनागरी मजकूर असलेल्या दस्तऐवजात वेगळे काय करावे लागते?

दस्तऐवजाची भाषा नोंदवणे ही पहिली गोष्ट. मराठी निबंधावर इंग्रजीची खूण राहिली, तर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजाने मराठी वाचण्याचा प्रयत्न करतो किंवा तो भाग गाळून टाकतो. मराठी निबंधातील इंग्रजी उताऱ्यावरही त्याच्या भाषेची स्वतंत्र खूण करावी.

दुसरी गोष्ट युनिकोडची. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण फाईलमध्ये रोमन अक्षरांचे निरर्थक पुंजके असतात आणि वाचकाला तेच ऐकू येतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, नीट तपासून मगच पुढे जावे.

तिसरी गोष्ट पीडीएफची आहे आणि ती कमी लोकांच्या लक्षात येते. ‘किती’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी छापताना ‘क’च्या आधी उमटते, पण युनिकोडमध्ये ती ‘क’च्या नंतर साठवलेली असते. ‘कर्म’मधील रफार ‘म’वर दिसतो, पण साठवणीत ‘र’ हा ‘म’च्या आधी असतो. पीडीएफमध्ये चिन्हे दिसण्याच्या क्रमाने बसतात, त्यामुळे मजकूर काढून घेताना शब्द विस्कटतात. यावर पीडीएफमध्ये ‘ॲक्च्युअलटेक्स्ट’ नावाची सोय आहे. तिच्यात मूळ शब्द योग्य क्रमाने ठेवता येतो. लुआलाटेक वापरताना फाँट निवडीत हार्फबझ (अक्षरे जुळवणारे साधन) हा पर्याय नमूद केला, तर जोडाक्षरांची मांडणी बरोबर होते. तरीही तयार पीडीएफमधून एक परिच्छेद उचलून साध्या मजकुराच्या फाईलमध्ये चिकटवून पाहावा. तो तेथे विस्कटलेला दिसला, तर वाचकालाही तो विस्कटलेलाच ऐकू येणार आहे. एचटीएमएलमध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही.

मार्कडाउनमध्ये लिहिले तर चालेल का?

साध्या लेखनासाठी चांगले चालते. मार्कडाउन २००४ साली आले, आणि त्यातील शीर्षके, याद्या व दुवे थेट एचटीएमएलमध्ये उतरतात. पॅनडॉक या साधनाने त्याच फाईलमधून एचटीएमएल, ईपब (ई-पुस्तकाचे स्वरूप) व लाटेक तयार करता येते आणि सूत्रे मॅथएमएलमध्ये बदलता येतात. गुंतागुंतीचे तक्ते, परस्परसंदर्भ आणि प्रमेयांची रचना यांसाठी मात्र ते अपुरे पडते. गणिताचे पाठ्यपुस्तक लिहायचे असेल, तर प्रीटेक्स्ट या एक्सएमएल-आधारित भाषेचा जरूर विचार करावा. रॉबर्ट बीझर यांनी सुरू केलेल्या या भाषेतील एकाच स्रोतातून एचटीएमएल, पीडीएफ आणि ब्रेल अशी तिन्ही रूपे निघतात.

वाचकाला कोणते स्वरूप द्यावे?

एकच द्यायचे असेल तर एचटीएमएल द्यावे. त्यातील मजकूर पडद्याच्या रुंदीनुसार स्वतःला बसवून घेतो, अक्षरे चारपट मोठी केली तरी ओळी आडव्या सरकवाव्या लागत नाहीत, रंग व फाँट वाचकाला बदलता येतात, आणि मॅथएमएल त्यात सहज नांदते. अर्काइव्ह या शोधनिबंधांच्या भांडाराने डिसेंबर २०२३ पासून टेकमध्ये सादर झालेल्या नव्या निबंधांच्या एचटीएमएल प्रती देण्यास सुरुवात केली. हे रूपांतर लाटेकएक्सएमएल या साधनाने होते, आणि जेथे लेखकाने विचित्र पॅकेजे वापरली आहेत तेथे ते अडते. पुस्तकांसाठी ईपब ३ योग्य आहे. पीडीएफ छपाईसाठी आणि पृष्ठक्रमांकाच्या संदर्भासाठी ठेवावी. नियतकालिकांच्या प्रकाशकांनी निबंध जॅट्स या एक्सएमएल रूपात साठवावेत, म्हणजे इतर सर्व रूपे त्यातून काढता येतात.

तपासणी कशी करावी?

यंत्राने तपासणीला सुरुवात करावी आणि माणसाने ती पूर्ण करावी. पीडीएफसाठी व्हेरापीडीएफ आणि ईपबसाठी डेझी कन्सॉर्शियमचे एस ही मुक्त साधने आहेत. एचटीएमएलसाठी डब्ल्यूसीएजी या वेबवरील सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घ्यावा, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. साधारण आकाराचा मजकूर व पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, ही त्यांतील एक ठोस अट आहे. यंत्राला पर्यायी मजकूर आहे की नाही एवढेच कळते, तो खरा आहे की नाही हे कळत नाही. ‘आकृती ५’ हा पर्यायी मजकूर अनेक यांत्रिक चाचण्या पार करतो. म्हणून स्क्रीन रीडर सुरू करून, पडदा बंद करून, निबंधाची पाच पाने स्वतः ऐकावीत. आणि ज्यांचे वाचन रोज याच मार्गाने चालते, अशा एखाद्या वाचकाला प्रकाशनापूर्वी मसुदा दाखवून त्यांच्या वेळेचा योग्य मोबदला द्यावा.

प्रोग्रामचे तुकडे पडद्याच्या छायाचित्रातून दिले तर?

देऊ नयेत. छायाचित्रातील प्रोग्राम ऐकता येत नाही, शोधता येत नाही आणि चालवूनही पाहता येत नाही. प्रोग्रामसाठी असलेला टॅग वापरावा आणि ओळींच्या सुरुवातीची जागा जशीच्या तशी राखावी. पायथनसारख्या भाषेत त्या जागेला अर्थ असतो, आणि स्क्रीन रीडरला ती बोलून दाखवता येते. ओळींचे क्रमांक मजकुराचा भाग होणार नाहीत, याचीही काळजी घ्यावी.

जुन्या निबंधांचे काय करावे?

मूळ स्रोत उपलब्ध असेल, तर त्यातून नवे रूप तयार करावे. पीडीएफ दुरुस्त करत बसण्यापेक्षा ते जवळपास नेहमीच स्वस्त पडते. स्रोत हरवला असेल, तर ज्यांची मागणी होते ते निबंध आधी हाती घ्यावेत. स्कॅन केलेल्या पानांवरील गणित ओळखणारी साधने सुधारली आहेत, पण एक चुकलेला घातांक प्रमेय बदलून टाकतो, त्यामुळे त्यांचे उत्पादन विषय जाणणाऱ्याने मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय वाचकाच्या हाती देऊ नये.

लाटेकची मूळ फाईल वाचकाला द्यावी का?

अवश्य द्यावी. अनेक दृष्टिहीन गणितज्ञ आणि विद्यार्थी लाटेकचा स्रोत थेट वाचतात. त्यात सूत्र एका ओळीत, निःसंदिग्धपणे लिहिलेले असते आणि साध्या ब्रेल पटावरही ते वाचता येते. त्यासाठी आज्ञांची नावे अर्थपूर्ण असावीत, स्वतः केलेल्या संक्षिप्त आज्ञांचा खुलासा फाईलच्या सुरुवातीला असावा, आणि केवळ मांडणी जुळवण्यासाठी सूत्रांमध्ये घुसवलेल्या जागा कमीत कमी असाव्यात. निबंधाच्या पहिल्या पानावर या फाईलचा दुवा द्यावा, म्हणजे ज्याला ती हवी आहे त्याला लेखकाकडे विनंती करून उत्तराची वाट पाहत बसावे लागणार नाही.